वाचकांचे प्रश्न : होम थिएटर, संगणक आणि घरातले नेटवर्क

टीव्ही, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि संगणक एकत्र जोडून स्वतःच्या सोयीची दृक्‌श्राव्य यंत्रणा घरात उभी करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या खेपेस आली आहेत. यंत्रे चांगली नाहीत अशी तक्रार त्यांत क्वचितच आहे. चांगली यंत्रे घेऊनही ती एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, हे बहुतेकांचे दुखणे आहे. निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्याचे बांधकाम चालू आहे. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, गिलावा व्हायचा आहे. खाली बैठकीच्या खोलीत टीव्ही आणि वरच्या मजल्यावर प्रोजेक्टरची स्वतंत्र खोली करण्याचा विचार आहे. ठेकेदार म्हणतात की हल्ली सगळे वाय-फायवर चालते, मग भिंती खोदून वायरिंग कशाला? आम्ही काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : गिलावा होण्याच्या आत आपण विचारलेत हे फार चांगले झाले. ठेकेदारांचे म्हणणे मोबाइल आणि टॅबपुरते खरे आहे. परंतु जे उपकरण वर्षानुवर्षे एकाच जागी राहणार आहे, मग तो टीव्ही असो, प्रोजेक्टर असो, एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाजाच्या जोडण्या एकत्र घेणारा ॲम्प्लिफायर) असो किंवा फाइली साठवणारा सर्व्हर असो, ते तारेनेच जोडावे असे माझे ठाम मत आहे. वाय-फायची एक वाहिनी घरातली सगळी उपकरणे आळीपाळीने वापरतात, शेजारच्या घरांतले राउटरही त्याच वाहिनीवर येऊन गर्दी करतात, आणि आरसीसीचा स्लॅब ५ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच अंशी अडवतो. तारेवर मात्र प्रत्येक उपकरणाला आपला वेग स्वतंत्र मिळतो. शिवाय वरच्या मजल्यावर वाय-फाय हवे असेल तर त्याचा ॲक्सेस पॉइंटही (वाय-फाय पसरवणारा डबा) तारेनेच खालच्या नेटवर्क स्विचशी (अनेक उपकरणांच्या तारा एकत्र जोडणारा डबा) जोडलेला बरा, म्हणजे ज्या उपकरणांना खरोखरच वाय-फायवाचून पर्याय नाही त्यांच्यासाठी हवेतली जागा मोकळी राहते.

सर्वांत आधी घरातली एक जागा केंद्र म्हणून ठरवावी. बहुतेक बंगल्यांत जिन्याखालचे कपाट यासाठी योग्य असते. फायबरचे कनेक्शन, राउटर, स्विच, फाइल सर्व्हर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर या एकाच कपाटात ठेवावा आणि तेथून प्रत्येक खोलीकडे स्वतंत्र पाइप न्यावा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी साखळी करू नये, कारण मधला एक जोड बिघडला की पुढच्या सगळ्या खोल्यांची जोडणी तुटते. कपाटाच्या दाराला खाली आणि वर हवेसाठी जाळी ठेवावी. ही यंत्रे दिवसरात्र चालू असतात आणि बंद कपाटातल्या उष्णतेने त्यांचे आयुष्य कमी होते. राउटर, स्विच आणि फायबरचा डबा एवढ्यांसाठी एक लहान यूपीएस तिथेच बसवावा.

प्रत्येक ठिकाणी एक नव्हे, दोन कॅट-६ केबल (तारांच्या चार पीळदार जोड्या असलेली नेटवर्कची केबल) टाकाव्यात. टीव्हीच्या मागे तर चार टाकल्या तरी जास्त होणार नाहीत; केबलच्या किमतीपेक्षा नंतर भिंत फोडण्याचा खर्च आणि मनस्ताप कितीतरी मोठा असतो. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट आणि ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट वेग देऊ शकते, त्यामुळे घराच्या अंतरांसाठी ती पुरेशी आहे. केबल घेताना मात्र ती संपूर्ण तांब्याची आहे याची खात्री करून घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल सर्रास मिळतात, त्या स्वस्त असतात आणि नव्या असताना चालतातही. पण त्यांचा रोध जास्त असतो, जोडाजवळ त्या लवकर तुटतात आणि ॲक्सेस पॉइंटला किंवा कॅमेऱ्याला त्याच तारेतून वीज द्यायची झाल्यास त्या अधिक तापतात. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहिले की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. दुकानातच हे करून पाहण्यास संकोच करू नये.

विजेच्या वायरी आणि या केबल एकाच पाइपातून कधीही नेऊ नयेत. शेजारून न्यायच्या असतील तर मध्ये वीतभर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडताना काटकोनात ओलांडू द्याव्यात. भिंतीतली केबल थेट प्लग ठोकून संपवू नये. दोन्ही टोकांना जॅक बसवावेत आणि तेथून पुढे लहान लवचिक तार वापरावी. जॅक बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. काम झाल्यावर वायरमन छोट्या दिव्यांचे टेस्टर लावून आठही दिवे लागल्याचे दाखवतील, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक जागी लॅपटॉप लावून जोडणीचा वेग पाहावा. तो १००० मेगाबिट (म्हणजे १ गिगाबिट) ऐवजी १०० दिसला तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नसते, कारण १०० च्या वेगाला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते, १००० च्या वेगाला चारही लागतात. ही तपासणी गिलावा होण्यापूर्वी एकदा आणि रंग होण्यापूर्वी पुन्हा एकदा करावी. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्रही घेऊन ठेवावे.

आता प्रोजेक्टरच्या खोलीकडे वळू. येथे केबलपेक्षा रिकामा पाइप महत्त्वाचा आहे. एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणाऱ्या जोडणीची) पहिली आवृत्ती २००२ साली आली तेव्हा तिची क्षमता सेकंदाला सुमारे ५ गिगाबिट होती. २०१३ मध्ये ती १८ झाली आणि २०१७ मध्ये ४८. भिंतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे आणि तारेचे जेमतेम दहा, अशी ही स्थिती असल्याने आज उत्तमातली उत्तम एचडीएमआय केबल भिंतीत कायमची गाडून टाकणे हा शहाणपणा नाही. रिसीव्हरच्या जागेपासून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत ४० मिलिमीटरचा पाइप टाकावा. नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या पाइपातून एचडीएमआयचे डोके वळणावर हमखास अडकते. वळणाला काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावावा आणि पाइपात एक नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. पुढची केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढून घ्यावी.

साधी तांब्याची एचडीएमआय केबल ४के चित्रासाठी पाचेक मीटरपर्यंत विश्वासाने वापरता येते. त्यापुढे काचेच्या तंतूंची ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते: एक टोक यंत्राकडे आणि दुसरे पडद्याकडे, असे तिच्यावर छापलेले असते. ती उलटी ओढली गेली तर चित्र येत नाही आणि सगळी केबल पुन्हा बाहेर काढावी लागते, म्हणून ओढण्यापूर्वी जमिनीवर पसरून एकदा चालवून पाहावी. प्रोजेक्टरजवळ दोन कॅट-६ केबलही ठेवाव्यात. त्यांच्यावरून एचडीबेस-टी पद्धतीने १०० मीटरपर्यंत चित्र नेता येते. मात्र ही केबल सरळ एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेली पाहिजे, नेटवर्कच्या स्विचमधून नेलेली चालत नाही.

स्पीकरच्या तारांबद्दल बरेच गूढ पसरवले जाते. आपल्या खोलीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पुरेशी आहे. १० मीटर अंतराला जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध ०.१६ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत दोन टक्के. यापेक्षा महागडी तार घेण्यापेक्षा तोच पैसा खोलीतल्या जाड पडद्यांवर आणि गालिच्यावर खर्च करावा. त्याचा फरक पहिल्याच दिवशी कानाला कळतो.

प्रश्न : मुलाच्या लग्नाचे ४के चित्रीकरण छायाचित्रकाराकडून मूळ स्वरूपात घेतले आणि घरातल्या फाइल सर्व्हरवर ठेवले. टीव्हीला लॅन केबल लावली आहे. इंटरनेटवरचे ४के चित्रपट विनाअडथळा चालतात, पण लग्नाचे चित्रीकरण दर काही सेकंदांनी थबकते. सर्व्हर खराब आहे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सर्व्हर बहुधा ठीक आहे. इंटरनेटवरील ४के चित्रपट घट्ट दाबून पाठवलेला असतो आणि त्याला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात. शिवाय जोडणी मंदावली तर तो आपोआप कमी दर्जावर उतरतो. व्यावसायिक कॅमेऱ्यातील मूळ ४के चित्रीकरण मात्र १०० मेगाबिटचे, काही कॅमेऱ्यांत २०० मेगाबिटचेही असते आणि त्याला दर्जा उतरवण्याची सोय नसते. आता गंमत अशी की पुष्कळ महागड्या टीव्हींच्या मागचा लॅन पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचाच असतो. आपण सर्व्हर, स्विच आणि केबल सगळे गिगाबिटचे घेतले तरी शेवटच्या दारातून १०० पेक्षा जास्त जाणार नाही. अशा टीव्हीला राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय तारेपेक्षा अधिक वेग देते. तारेचा आग्रह धरणाऱ्या माणसाने हेही सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण फाइलच्या स्वरूपात असू शकते. अनेक कॅमेरे १० बिट ४:२:२ या पद्धतीने रंग नोंदवतात. ते संपादनासाठी उत्तम असते, पण टीव्हीतली चिप बहुधा ते वाचू शकत नाही. मग जेलिफिनसारखा सर्व्हर प्रोग्राम चित्र चालू असतानाच त्याचे रूपांतर करू लागतो आणि लहानशा सर्व्हरच्या प्रोसेसरला ते झेपत नाही. चित्र चालू असताना सर्व्हरच्या नियंत्रण पानावर पाहावे. तेथे थेट पाठवणी चालू आहे की रूपांतर, ते स्पष्ट लिहिलेले असते. रूपांतर चालू असेल तर उपाय सोपा आहे. मूळ फाइल जपून ठेवावी आणि पाहण्यासाठी तिची एचईव्हीसी या चित्र घट्ट दाबणाऱ्या पद्धतीची, ३० ते ४० मेगाबिटची प्रत एकदाच करून घ्यावी. हे काम संगणक रात्रभरात करतो. बैठकीच्या खोलीत बसून डोळ्यांना दोन्हींतला फरक जाणवणार नाही, आणि मूळ प्रत नातवंडांसाठी शाबूत राहील.

प्रश्न : संगणक ॲम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो. वायरमनने संगणकाच्या प्लगची वरची जाड पिन काढून पाहिली, तर आवाज बंद झाला. तसेच ठेवावे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. ती पिन आजच परत बसवून घ्यावी, आणि तोवर संगणक चालू करू नये. संगणकाच्या वीजपुरवठ्यात विजेचा गोंगाट गाळण्यासाठी दोन्ही तारांपासून धातूच्या खोक्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग तोडले की त्या खोक्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येऊन बसतो. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी कमी असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात, परंतु चालू यंत्रात एचडीएमआय केबल काढता-घालताना तोच दाब टीव्हीचा किंवा ॲम्प्लिफायरचा पोर्ट जाळू शकतो. आणि पुढे कधी आतले इन्सुलेशन खरोखरच निकामी झाले, तर संपूर्ण २३० व्होल्ट खोक्यावर येतील आणि जिवावर बेतेल.

आता मूळ दुखणे पाहू. आपल्या यंत्रणेला जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा मिळाल्या आहेत. एक संगणकाच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगकडे आणि दुसरी, बहुतेक वेळा, केबल टीव्हीच्या किंवा छतावरच्या डिशच्या गोल तारेच्या बाहेरच्या जाळीतून. या दोन जमिनींच्या पातळीत थोडासा फरक असतोच. त्या फरकामुळे ऑडिओ केबलच्या आवरणातून ५० हर्ट्झचा क्षीण प्रवाह वाहतो आणि ॲम्प्लिफायर आपले काम इमानाने करून तो मोठा करतो. पिन काढल्यावर आवाज थांबला, कारण एक वाट तुटली. तोडायची होती ती दुसरी.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आवाज चालू असताना सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढावी. आवाज थांबला तर त्या केबलमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा लहानसा जोड बसवला की काम झाले. मात्र डिशच्या तारेतून वर छतावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या, संकेत पकडणाऱ्या भागाला) वीजही जात असल्याने तेथे साधा आयसोलेटर चालणार नाही; डिशची जाळी घराच्याच अर्थिंगला जोडून घेणे हा तिथला योग्य मार्ग आहे. आवाज तसाच राहिला तर संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही एकाच स्विचबोर्डावरून चालवून पाहावेत. नेटवर्कची साधी लॅन केबल यात सहसा निर्दोष असते, कारण तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात. धातूच्या प्लगची आवरणवाली लॅन केबल असेल तर मात्र तीही दुसरी वाट ठरू शकते. एवढ्यानेही भागले नाही तर संगणकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतचा आवाज ऑप्टिकल केबलने न्यावा. प्रकाशाच्या तारेतून वीज वाहत नाही, त्यामुळे या दोन यंत्रांमधली वाटच बंद होते. आवाज केवळ सबवूफरमधूनच येत असेल तर त्याच्या तारेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा.

या निमित्ताने एखाद्या परवानाधारक वायरमनकडून घराच्या अर्थिंगची तपासणी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना याची खातरजमा करून घ्यावी. अर्थिंग तोडून दाखवणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नये.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत असते. तिच्याशी मोठ्या पडद्यावर बोलता यावे म्हणून जावयांनी टीव्हीमागे छोटा संगणक बसवून दिला. पण अक्षरे पुसट आणि रंगीत कडांची दिसतात, काळा रंग राखाडी वाटतो, आणि मुलीला तिचाच आवाज परत ऐकू येतो. — एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : तिन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत, आणि तिन्ही नवे काही फारसे न घेता सुटण्यासारख्या आहेत. टीव्ही एचडीएमआयमधून आलेले चित्र सिनेमाचे आहे असे धरून चालतो आणि त्यावर आपले संस्कार करतो. त्यात रंगांचा तपशील कमी होतो आणि बारीक अक्षरांच्या कडा बिघडतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचे नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करावे. पुष्कळ टीव्ही एवढ्यानेच अक्षरे स्वच्छ दाखवू लागतात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर चित्राच्या आकाराच्या पर्यायांत मूळ आकार दाखवणारा पर्याय निवडावा.

काळा राखाडी दिसतो, कारण संगणक आणि टीव्ही यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मोजणी वेगवेगळी धरली आहे. चित्रपटांच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, तर संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. संगणक पहिल्या पद्धतीने पाठवत असेल आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचत असेल, तर काळा राखाडी होतो. उलट झाले तर अंधारातले तपशील गडप होतात. संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘फुल’ निवडून टीव्हीतही ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ त्याच्याशी जुळेल असे ठेवावे. दोन्ही बाजू एकच मोजणी धरतात, एवढेच महत्त्वाचे.

आवाजाचे कारण असे की मुलीचा आवाज टीव्हीतून बाहेर पडून आपल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम तो ओळखून काढून टाकतात, पण टीव्ही किंवा साउंडबार आवाजावर प्रक्रिया करून तो उशिरा बाहेर सोडतो तेव्हा त्यांचा अंदाज चुकतो. टीव्ही ‘गेम’ मोडवर ठेवल्याने हा उशीर कमी होतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे स्पीकर आणि मायक्रोफोन एकत्र असलेला कॉन्फरन्स स्पीकरफोन घेऊन तो आपल्या बैठकीजवळच्या टीपॉयवर ठेवावा. तो यूएसबीने जोडणार असाल तर तारेची लांबी ५ मीटरच्या आत ठेवावी. त्यापुढे साधी यूएसबी तार भरवशाची राहत नाही. कॅमेरा टीव्हीच्या वर नव्हे, तर आपण बसता तेव्हा डोळ्यांच्या रेषेत येईल असा खाली बसवावा. मुलीला आपण तिच्याकडे पाहून बोलत आहात असे वाटेल, आणि या सगळ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या शेकडो कॅसेटी आहेत. त्यांत घरातल्या गाण्याच्या बैठका आणि गावातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे आहेत. ती संगणकावर घेऊन सर्व्हरवर ठेवतो आहे. फाइलींना मराठीत सविस्तर नावे दिली, तर काही फाइली सर्व्हरवर जातच नाहीत आणि काही ॲम्प्लिफायरच्या पडद्यावर चौकोन दाखवतात. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, तेव्हा प्रती सुरक्षित आहेत ना? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे, कारण या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत जगात कोठेही नसेल. म्हणूनच ती २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेऊन फ्लॅक स्वरूपात साठवावीत. या मोजमापाने तासाभराचे स्टिरिओ मुद्रण न दाबता सुमारे १ गिगाबाइट होते. फ्लॅकमध्ये ते पुष्कळ कमी जागेत मावते आणि ध्वनीचा एकही कण गमावला जात नाही. कॅसेट लावण्यापूर्वी डेकचे हेड स्पिरिटने पुसावे आणि त्या कॅसेटच्या आवाजावरून हेडचा कोन जुळवून घ्यावा. पुढे संगणकावर कितीही प्रक्रिया केली तरी चुकीच्या कोनामुळे हरवलेले वरचे स्वर परत मिळत नाहीत.

नावांची अडचण बाइटमध्ये आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरांमध्ये फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंतच चालते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची मोजणी स्वतंत्र होते. ‘कीर्तन’ हा डोळ्यांना तीन-चार अक्षरांचा दिसणारा शब्द संगणकाच्या हिशेबी सहा चिन्हांचा आणि १८ बाइटचा आहे. म्हणजे संपूर्ण नाव सुमारे ८५ चिन्हांत बसवावे लागते. नाव आटोपशीर ठेवावे, जसे ‘१९८४ गणेशोत्सव कीर्तन पूर्वरंग’, आणि गायक, साथीदार, ठिकाण, तिथी हा सगळा तपशील फाइलच्या आतल्या टॅगमध्ये लिहावा. फ्लॅकचे टॅग देवनागरी व्यवस्थित साठवतात. ॲम्प्लिफायरच्या छोट्या पडद्यात देवनागरी अक्षरेच भरलेली नसतात म्हणून चौकोन दिसतात. त्यात फाइलचा दोष नाही. त्या पडद्यासाठी मराठी नावे रोमन लिपीत बदलू नयेत, गाणी मोबाइलवरच्या ॲपमधून निवडावीत.

दोन डिस्कबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. त्या आरशासारख्या एकमेकींची नक्कल करत असतील तर एक डिस्क बंद पडल्यावर दुसरी उपयोगी येते, एवढेच. चुकून फोल्डर पुसला गेला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. विजेचा झटका, चोरी किंवा घातक व्हायरस दोन्हींना एकदमच गाठतो. तिसरी प्रत वेगळ्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती काढून ठेवावी, आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा बहिणीकडे, असावी. दर काही महिन्यांनी त्या बाहेरच्या प्रतीतली एखादी फाइल उघडून ऐकावी. मूळ कॅसेटी टाकून देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या घरापासून आवाराच्या दुसऱ्या टोकाला, ४० मीटरवर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. तिथपर्यंत लॅन केबल टाकली होती, पण पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडली की स्विच जळतो. तिथे संगीतही हवे आहे. — एक वाचक, दापोली

उत्तर : दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकूच नये. जवळपास कोठेही वीज पडली की दोन्ही इमारतींच्या जमिनीचा विद्युत दाब क्षणभर वेगवेगळा होतो आणि तो फरक त्या केबलमधून मार्ग काढतो. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. त्याऐवजी सिंगल मोड फायबर एचडीपीई पाइपातून जमिनीखालून न्यावा आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा संकेत लॅन केबलच्या संकेतात बदलणारे डबे) बसवावेत. इंटरनेट देणारे हेच फायबर वापरतात, त्यामुळे तो जोडणारा माणूस आणि यंत्र आपल्या तालुक्यातच मिळेल. फायबर घेताना त्यात पोलादी तार किंवा धातूचे चिलखत नसलेला निवडावा, नाहीतर वीज त्या तारेतून येईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. जोडाचे रंगही पाहावेत: हिरवा हिरव्याशी आणि निळा निळ्याशीच जोडायचा असतो, कारण त्यांची टोके वेगळ्या कोनात घासलेली असतात.

पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत स्पीकरची लांबलचक तार ओढण्यापेक्षा तिथेच एक नेटवर्क प्लेअर आणि लहान ॲम्प्लिफायर ठेवावा. गाणी फायबरवरून येतील. राहिलेली वाट विजेच्या लाइनची आणि डिशच्या केबलची. दोन्ही इमारतींच्या डीबीमध्ये (वीज वाटणाऱ्या पेटीत) सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेची उसळी जमिनीकडे वळवणारे उपकरण) बसवून घ्यावे, आणि ढग जमू लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, डिशची केबल व प्लग हाताने काढून ठेवण्याची सवयही ठेवावी. थेट पडलेल्या विजेपुढे कोणतेही उपकरण पूर्ण संरक्षण देत नाही.

प्रश्न : मोबाइलवरचे गाणे ॲम्प्लिफायरवर पाठवायला गेलो की तो कधी यादीत दिसतो, कधी दिसत नाही. दोन्ही वाय-फायलाच जोडलेले आहेत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : घरात बहुधा दोन नेटवर्क आहेत. फायबर कंपनीच्या डब्यातच एक राउटर असतो, आणि आपण चांगल्या वाय-फायसाठी त्यामागे दुसरा राउटर लावला असणार. मोबाइल कधी एकावर असतो, कधी दुसऱ्यावर. उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी जी हाक देतात ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. मोबाइल आणि ॲम्प्लिफायर यांचे आयपी पत्ते पाहावेत, एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर खात्रीच झाली. आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावा, किंवा कंपनीला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज’ मोडवर करून घ्यावा आणि त्याचे वाय-फाय बंद करावे. मोबाइल ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तरीही हेच घडते, कारण पाहुण्यांची उपकरणे घरातल्या उपकरणांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. हे झाल्यावर ॲम्प्लिफायरला राउटरमध्ये एक पत्ता कायमचा राखून द्यावा आणि शक्य असेल तर त्याला वाय-फायऐवजी तारेनेच जोडावे.